मुंबईच्या गिरणी कामगारांचे वेतन, कामाचे तास आणि खातेबंदी : एक ऐतिहासिक अभ्यास (१८८१ ते १९४८)

प्रस्तावना

भारतातील कामगार कायद्यांचा इतिहास सांगताना सर्वसाधारणपणे कायद्यांची वर्षे क्रमाने दिली जातात. १८८१ चा पहिला कारखाना कायदा, १८९१, १९११, १९२२ आणि १९३४ चे सुधारित कायदे, १९३६ चा वेतन प्रदान कायदा आणि १९४८ चे कारखाना व किमान वेतन कायदे असा हा क्रम पाठ्यपुस्तकांतून विद्यार्थ्यांना परिचित झालेला आहे. या मांडणीतून कामगारांचे हक्क टप्प्याटप्प्याने विस्तारत गेले असा समज दृढ होतो. हा समज चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. हक्क विस्तारले ते कोणाचे, कोणत्या बाबतीत आणि कोणाला वगळून, हे प्रश्न त्यात अनुत्तरित राहतात.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली आणि १८५६ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी या परिसरात गिरणगाव उभे राहिले. कोकण आणि देशावरून आलेल्या लाखो माणसांच्या जीवनाची घडी गिरणीच्या भोंग्यावर बसली. कामगार संघटना, संप, चौकशी समित्या आणि कायदे या सर्वांचा घनिष्ठ संबंध या शहराशी राहिला. म्हणूनच वेतन, जादा काम आणि नोकरीतील भेदभाव या तीन प्रश्नांचा परस्परसंबंध तपासण्यासाठी मुंबईची कापड गिरणी हे योग्य क्षेत्र ठरते.

प्रस्तुत लेखात ‘खातेबंदी’ हा शब्द विशिष्ट अर्थाने योजला आहे. रोटीबंदी, बेटीबंदी व व्यवसायबंदी ही जातिव्यवस्थेची लक्षणे समाजशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहेत. आधुनिक यंत्रोद्योगात व्यवसायबंदी नाहीशी झाली असे मानले जाते. प्रत्यक्षात गिरणीच्या फाटकातून आत आलेल्या अस्पृश्य कामगाराला अधिक वेतनाच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. जुन्या व्यवसायबंदीने गिरणीत धारण केलेले हे रूप म्हणजेच खातेबंदी होय.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) कामाचे तास व वेतन यांविषयीचे कायदे कोणत्या परिस्थितीत झाले ते पाहणे.
२) नोकरीतील जातिभेद व लिंगभेद यांचा वेतनाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
३) तास व वेतन या विषयांवर कायदे होत असताना भेदभावाचा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेर का राहिला, याची कारणमीमांसा करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायद्यांतील तरतुदी, प्रकाशित चरित्रे आणि मुंबईच्या कामगारवर्गावरील संशोधनपर ग्रंथ यांचा आधार घेतला आहे.

१. कामाच्या तासांचा प्रश्न

प्रारंभीच्या काळात गिरणीतील कामाचा दिवस सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला संपे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम जास्त. हिवाळ्यात दिवस लहान, म्हणून काम कमी. आठवड्याची सुट्टी निश्चित नव्हती. १८७५ मध्ये मुंबई सरकारने पहिला कारखाना आयोग नेमला. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये कारखाना कायद्याचा मसुदा तयार करून या प्रश्नाचा पाठपुरावा केला. मँचेस्टरच्या गिरणी मालकांना भारतीय स्पर्धेची धास्ती वाटत असल्यामुळे त्यांचाही अशा कायद्यासाठी आग्रह होता. परिणामी मुंबईतील मालकांना व त्यांच्या बाजूच्या अनेक सुशिक्षितांना कामगार कायदा म्हणजे परक्या भांडवलाचा डाव वाटला. राष्ट्रीय उद्योगाचे रक्षण आणि कामगारांचे रक्षण या दोन बाबी परस्परविरोधी आहेत, अशी समजूत येथे प्रथम रूढ झाली.

१८८१ चा कायदा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या व शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना लागू झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई करण्यात आली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा ठरली. प्रौढ कामगारांच्या तासांविषयी हा कायदा मौन बाळगतो.

हे मौन प्रथम भंगले ते कामगारांच्या बाजूने. सत्यशोधक विचारांचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून ‘दीनबंधु’ हे पत्र मुंबईतून चालविले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने परळ येथे कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या पाच होत्या : रविवारची साप्ताहिक सुट्टी; दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती; सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच कामाचा काळ; मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत; आणि कामावर अपघात झाल्यास बरे होईपर्यंत वेतन व कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय.

या पाच मागण्या कामगार कायद्यांच्या पुढील इतिहासाचे मोजमाप करण्यास उपयुक्त आहेत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. या सभेत दोन स्त्री कामगारांचीही भाषणे झाली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी मालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व अर्ध्या तासाची विश्रांती यांना कायदेशीर आधार दिला. अपघाताच्या भरपाईसाठी कामगारांना १९२३ च्या कायद्यापर्यंत, तर पगाराच्या तारखेसाठी १९३६ पर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे पगार वेळेवर मिळावा ही साधी मागणी कायद्यात उतरण्यास बावन्न वर्षे लागली.

पुरुष कामगारांच्या तासांचा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी अधिक तीव्र झाला. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यानंतर सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा नाहीशी झाली. काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या आणि १९०५ मध्ये याविरुद्ध कामगारांत असंतोष उसळला. कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने प्रथमच घातली. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत १९१९ व १९२० मध्ये मोठे संप झाले. १९२० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस प्रत्यक्षात आला. दोन वर्षांनी झालेल्या १९२२ च्या कायद्याने मात्र दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तासांची मर्यादा ठरविली. कायदा कामगारांच्या संघटित शक्तीच्या मागून चालत होता, याचे हे उत्तम उदाहरण होय.

‘जादा काम’ ही कल्पना तासांच्या मर्यादेतूनच जन्माला येते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. मर्यादाच नसेल तर जादा काय, हे ठरविता येत नाही. १९२२ च्या कायद्याने मर्यादेपलीकडील कामासाठी नेहमीच्या दराच्या किमान सव्वापट मोबदल्याची तरतूद केली. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी दिवसाला दहा व आठवड्याला चोपन्न तास ही मर्यादा आणली. १९४६ च्या दुरुस्तीने ती आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवर आली व जादा कामाचा दर दुप्पट झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने या दोन्ही तरतुदी कायम केल्या. कामगाराचा वेळ ही मोजता येणारी वस्तू आहे आणि ठरलेल्या मापापलीकडे ती घ्यावयाची असेल तर अधिक किंमत मोजावी लागेल, हे तत्त्व पासष्ट वर्षांच्या प्रवासानंतर प्रस्थापित झाले.

२. वेतन : तारीख, दंड आणि कपात

वेतनाचा दर हा संपांचा विषय होता. परंतु दर ठरल्यानंतर प्रत्यक्ष हाती किती पडते हा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा होता. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या मध्यावर मिळत असल्यामुळे नव्याने कामावर आलेल्या माणसाला पहिला पगार सुमारे दीड महिन्याने दिसे. तोपर्यंत वाण्याची उधारी आणि सावकाराचे कर्ज यांवर चूल पेटत असे. पगार हातात आला की तो प्रथम व्याजात जाई. शिवाय कामगाराचे काही दिवसांचे वेतन मालकाकडे कायम थकित राहत असल्यामुळे काम सोडणे किंवा संपावर जाणे ही त्याच्या दृष्टीने मोठी जोखीम होती. उशिराचा पगार हे शिस्तीचे एक साधन होते.

दंड व कपात हे दुसरे साधन. उशीर, निष्काळजीपणा, उद्धट वर्तन अशा कारणांसाठी दंड होई. कापडात दोष आढळल्यास ते कापड विणकराच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती केली जाई. एका दिवसाच्या खाड्याबद्दल दोन दिवसांचे वेतन कापण्याचीही पद्धत होती. याशिवाय कोणत्याही वहीत न नोंदलेली एक कपात होती. कामावर घेणे, बढतीची शिफारस करणे आणि कामावरून काढणे हे अधिकार व्यवहारात जॉबरच्या हाती असल्याने त्याला दस्तुरी द्यावी लागे. स्त्रियांच्या खात्यात हेच काम नायकीण करीत असे.

१९२१ मध्ये मुंबई सरकारने कामगार कार्यालय स्थापन केले व ‘लेबर गॅझेट’ प्रसिद्ध होऊ लागले. त्यामुळे वेतनाविषयीची माहिती व्यवस्थित संकलित होऊ लागली. १९२९ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही कामगार आयोगात ना. म. जोशी सदस्य होते. १९३१ मध्ये सादर झालेल्या या आयोगाच्या अहवालानंतरच्या विचारविनिमयातून १९३६ चा वेतन प्रदान कायदा आकारास आला व २८ मार्च १९३७ पासून तो अमलात आला. एक हजारांपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यात वेतनकाल संपल्यापासून सातव्या दिवसाच्या आत आणि इतरत्र दहाव्या दिवसाच्या आत पगार देणे बंधनकारक झाले. दंडाची रक्कम वेतनाच्या रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक असू नये, दंडापूर्वी कामगाराला म्हणणे मांडण्याची संधी मिळावी, पंधरा वर्षांखालील कामगाराला दंड करू नये आणि दंडाची रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्च व्हावी, अशा तरतुदी करण्यात आल्या. खाड्याची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच असावी, हेही ठरले.

मात्र याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, पूर्वसूचनेशिवाय व सबळ कारणाविना गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापण्याची मुभा तीत मालकाला दिली होती. एकट्या कामगाराला संरक्षण देणारा कायदा एकत्र आलेल्या कामगारांकडे संशयाने पाहत होता. या दुहेरी स्वरूपाकडे कायद्याच्या इतिहासात पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

३. विणकाम खात्याचे बंद दार

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्या प्रामुख्याने सूत काढीत आणि त्यातील बराच भाग चीनला जात असे. ही बाजारपेठ हातची जाऊ लागल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभापासून विणकामाचा विस्तार झाला. विणकर हा कामाच्या मापावर वेतन मिळविणारा व सूतकताई खात्यातील सामान्य कामगाराच्या तुलनेने बरीच अधिक कमाई असलेला कामगार होता. १८८४ च्या निवेदनात खात्यातील प्रवेशाचा प्रश्न का नाही, याचे एक कारण या कालक्रमात असावे. कारण विणकाम खाते मोठे होईपर्यंत त्याच्या दाराला एवढे मोल नव्हते.

हे दार अस्पृश्य कामगारांना बंद होते. त्यासाठी दिले जाणारे कारण यंत्रतंत्राशी निगडित होते. धोट्यातील कांडीचे सूत संपले की नव्या कांडीचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढण्यासाठी विणकर ते तोंडाने ओढून घेत असे. ज्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले त्याला आपले तोंड लावण्यास सवर्ण विणकर तयार नव्हते. आरोग्याच्या दृष्टीने ही पद्धत सर्वांनाच अपायकारक होती. तथापि आक्षेप घेतला गेला तो पद्धतीवर नव्हे, तर माणसावर. परिणामी अस्पृश्य समाजातील कामगार कमी वेतनाच्या सूतकताई खात्यात व तत्सम कामांत एकवटले.

या ठिकाणी वेतन आणि भेदभाव हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. सूतकताई खात्यात अस्पृश्य कामगाराला त्याच कामासाठी सवर्णापेक्षा कमी दर होता, असा हा प्रश्न नाही. दर खात्याला होता, जातीला नव्हता. परंतु चांगल्या दराच्या खात्यात जाण्याचा मार्ग जातीने रोखलेला होता. म्हणून ‘समान कामाला समान वेतन’ हे तत्त्व तेव्हा कायद्यात असते तरी त्याने या अन्यायाला स्पर्श केला नसता. काम समान होऊच द्यायचे नाही, ही खातेबंदीची रीत होती.

१९२८ चा सार्वत्रिक संप या दृष्टीने महत्त्वाचा आहे. २६ एप्रिलपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत सुमारे दीड लाख कामगारांनी हा लढा दिला. दोन साच्यांऐवजी तीन-चार साचे सांभाळावे लागणे, त्यातून होणारी कामगार कपात व वेतनातील घट ही त्याची मुख्य कारणे होती. या लढ्यातच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संपाच्या नेत्यांपुढे असा प्रश्न मांडला की, गिरणीतील सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क ते मान्य करणार आहेत काय? धनंजय कीर यांनी आपल्या आंबेडकर चरित्रात नोंदविल्याप्रमाणे, हा हक्क मान्य होणार नसेल तर आपण अस्पृश्य कामगारांना संपापासून परावृत्त करू, अशी भूमिका त्यांनी घेतली. तेव्हा नेत्यांनी काहीशा अनिच्छेने ही बाब मागण्यांत समाविष्ट केली. ती पुढे आल्यावर मालकांनी सांगितले की, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही.

मालकांच्या या उत्तराचा शांतपणे विचार केला पाहिजे. ते सोयीचे होते यात शंका नाही. कारण जॉबरमार्फत चालणारी भरती मालकांनीच चालू ठेवली होती आणि विभागलेला कामगारवर्ग त्यांच्या हिताचा होता. तरीही त्या उत्तरात अर्धसत्य होते. बंदी घालणारा लेखी नियम नव्हता. ती सहकाऱ्यांच्या बहिष्काराच्या धाकावर टिकून होती. तत्कालीन कामगार कायद्याची सर्व परिभाषा मालक व कामगार या दोन पक्षांपुरती होती. कामगाराने कामगारावर केलेल्या अन्यायासाठी त्या परिभाषेत शब्दच नव्हता. दोन्ही बाजूंना जबाबदारी नाकारता येत होती आणि त्यामुळे अन्याय मात्र निर्वेध चालू राहत होता.

डॉ. आंबेडकरांनी हा विषय पुढेही सोडला नाही. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही या दोन्हींना कामगारांचे शत्रू म्हटले. रेल्वेत अस्पृश्य कामगाराला गँगमन म्हणूनच आयुष्य काढावे लागते. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत असल्याने ती जागाही त्याला मिळत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात ते कम्युनिस्ट नेत्यांबरोबर उभे राहिले. या दोन भूमिकांत विसंगती आहे असा आक्षेप काही जण घेतात. परंतु संप करण्याचा हक्क आणि प्रत्येक खात्यात काम करण्याचा हक्क हे दोन्ही कामगारांचेच हक्क आहेत, असे मानल्यास विसंगती उरत नाही.

४. स्त्री कामगार : संरक्षण आणि वगळणूक

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्या प्रामुख्याने वाइंडिंग व रीलिंग खात्यांत काम करीत. विणकाम खाते त्यांनाही जवळजवळ बंदच होते. येथेही वेतनातील फरक खात्यांच्या विभागणीतून निर्माण झालेला दिसतो.

कायद्याने मात्र स्त्रियांची दखल पुरुषांच्या आधी घेतली. १८९१ मध्ये त्यांच्यासाठी अकरा तासांची मर्यादा व रात्रीच्या कामास मनाई आली. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडलेले प्रसूती साहाय्याचे विधेयक संमत झाले नाही. मुंबई प्रांताने मात्र १९२९ मध्ये असा कायदा केला व तो देशातील पहिला ठरला. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये या विधेयकाला पाठिंबा देताना मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका डॉ. आंबेडकरांनी मांडली होती.

या कायद्यांची आवश्यकता निर्विवाद होती. परंतु प्रसूती साहाय्याचा भार मालकावर आणि रात्रीच्या कामाची मनाई फक्त स्त्रीला, अशी रचना असताना स्त्रियांना कामावर घेण्याचे बंधन कोणावरच नव्हते. तिसऱ्या दशकाच्या अखेरीपासून वाइंडिंग व रीलिंग खात्यांत नवी यंत्रे व नवी कार्यपद्धती आली, पुढे पाळ्या वाढल्या आणि स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. राधा कुमार यांनी १९१९ ते १९३९ या काळावरील आपल्या अभ्यासात या घटीचा संबंध पुनर्रचना आणि पुरुष हाच कुटुंबाचा कमावता अशी वाढती धारणा, या दोहोंशी जोडला आहे. त्यामुळे केवळ संरक्षक कायद्यांनीच स्त्रियांचा रोजगार गेला असे म्हणणे सरळसोट होईल. एवढे मात्र निश्चित की, कायद्याने कामावर असलेल्या स्त्रीला संरक्षण दिले. कामावर राहण्याची हमी दिली नाही.

हीच गोष्ट बदली कामगाराची. रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे आणि कोणाचा खाडा पडला तर त्याच्या जागी काम करायचे, हा त्याचा नित्यक्रम होता. १९३५ पासून गिरणी मालक संघाने बदली नियंत्रणाची पद्धत सुरू केली व त्यामुळे जॉबरचा मनमानी अधिकार काहीसा आटोक्यात आला. तथापि ज्या दिवशी काम मिळाले नाही, त्या दिवशी वेतनाचा एकही कायदा बदली कामगाराच्या उपयोगाचा नव्हता.

५. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्याची दुरुस्ती याच काळातील. एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी मांडलेले किमान वेतन विधेयक पुढे १९४८ मध्ये कायद्यात परिणत झाले. मुंबईत औद्योगिक न्यायालयाने १९४७ मध्ये कापड गिरण्यांसाठी वेतनाचे प्रमाणीकरण केले आणि सव्वीस दिवसांच्या महिन्याला तीस रुपये हे किमान मूळ वेतन ठरविले. गिरणीगणिक वेगळे दर असण्याची जुनी तक्रार, जी १९२८ च्या संपातही होती, तिला उत्तर मिळाले.

भेदभावाच्या प्रश्नावर संविधानाने मूलभूत तरतुदी केल्या. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद ३९ मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे निदेशक तत्त्व आले. अस्पृश्यता (गुन्हे) कायदा १९५५ मध्ये झाला. १९७६ मध्ये तो नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने अधिक व्यापक करण्यात आला आणि कोणत्याही कामावरील नोकरीचा उल्लेख त्यात स्पष्टपणे आला. त्याच वर्षी समान वेतन कायदा झाला. पण त्याचा विषय स्त्री-पुरुष भेद एवढाच होता. अशा रीतीने जातिभेदाचा प्रश्न फौजदारी कायद्याकडे गेला आणि कामगार कायद्याच्या नित्य तपासणीत त्याला स्थान मिळाले नाही. तास व पगार तपासणारा कारखाना निरीक्षक कोणत्या खात्यात कोण आहे, याची विचारणा करीत नव्हता.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईचा गिरणी उद्योग पूर्ववत उभा राहिला नाही. गिरणगावच्या लढ्यांतून साकारलेले कायदे मात्र देशभर टिकले. १९३६, १९४८ व १९७६ चे वेतनविषयक कायदे २०१९ च्या वेतन संहितेत एकत्र करण्यात आले आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जादा कामाचा दुप्पट दर तीत कायम आहे. भेदभावाविषयीचे तिचे कलम लिंगाधारित भेदाला मनाई करते. जातीचा उल्लेख त्यात नाही. १९२८ मध्ये विचारलेला प्रश्न वेतनाच्या कायद्यात आजही उतरलेला नाही, असे म्हणावे लागते.

निष्कर्ष

१) कामाचे तास व वेतन यांविषयीचे कायदे संघटित मागणीच्या मागून आले. १८८४ च्या निवेदनातील मागण्या पुढील अर्धशतकात एकामागून एक कायद्यात उतरल्या.

२) जी मागणी संघटनेने आपली मानली नाही, ती कायद्यातही आली नाही. अस्पृश्यांच्या खातेप्रवेशाची मागणी संघटनेबाहेरून आली व अनिच्छेने स्वीकारली गेली.

३) खातेबंदीमुळे वेतनातील विषमता दरांच्या समानतेआड लपून राहिली. म्हणून वेतनाचा इतिहास केवळ दरांच्या आधारे लिहिणे अपुरे ठरते; कोणत्या खात्यात कोणाला प्रवेश होता, हे त्याबरोबर पाहिले पाहिजे.

४) तत्कालीन कायदा कामगाराची मस्टरवर नोंद झाल्यानंतर सुरू होत होता. नोंद होण्यापूर्वीचा टप्पा जॉबर, जात आणि प्रथा यांच्या स्वाधीन होता. अस्पृश्य, स्त्रिया व बदली कामगार या तिघांचे नुकसान प्रामुख्याने याच टप्प्यावर झाले.

समारोप

मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ मध्ये मुंबईच्या कामगारवर्गाच्या घडणीचा अभ्यास करताना गिरण्यांना कामगारांचा तुटवडा कधी भासला नाही, हे दाखवून दिले. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये त्याच कामगारांच्या रोजगाराची अस्थिरता व गिरणगावातील वस्तीचे आधार उलगडले. या दोन्ही अभ्यासांच्या प्रकाशात पाहता, फाटकाशी उभ्या असलेल्या गर्दीतून कोणाला आत घ्यायचे आणि कोणत्या खात्यात उभे करायचे, हा अधिकारच गिरणीतील खरी सत्ता होती असे दिसते.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा आहे असे महाविद्यालयीन अध्यापकांनी मानण्याचे कारण नाही. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोवा, दमण व दीव शासनासंबंधीच्या खटल्यात दिला होता. आज महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणारा अध्यापक शिकविलेल्या तासिकांपुरतेच मानधन घेतो. नियमित अध्यापकाच्या शेजारच्या वर्गात तोच विषय तो शिकवितो. त्याची स्थिती आणि फाटकाशी उभ्या असलेल्या बदली कामगाराची स्थिती यांत काळाचे व प्रतिष्ठेचे अंतर आहे. स्वरूपाचे अंतर किती आहे, हे प्रत्येकाने आपापल्या विभागातील हजेरीपत्रक पाहून ठरवावे. १९२८ मध्ये मालकांनी ‘आम्ही जबाबदार नाही’ असे सांगितले आणि सवर्ण विणकरांना तर कोणी विचारलेही नाही. आपल्याला तो प्रश्न विचारला गेल्यास आपले उत्तर काय असेल, याचा विचार कामगार चळवळीचा इतिहास शिकविणाऱ्यांनी तरी केला पाहिजे.